मीच पाडलेला पायंडा

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळून):

पत्रलेखक एका अभ्यासमंडळाचे संस्थापक आहेत. चौदा वर्षांपूर्वी सहा जणांनी सुरू केलेल्या या मंडळात आता पंचेचाळीस सभासद आहेत. महिन्यातून एकदा बैठक होते. नव्या सभासदाने पहिलं वर्षभर बैठकीत बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, असा नियम आहे. त्याला 'श्रवणवर्ष' म्हणतात. ते नीट पाळलं जातंय ना हे पाहायला एक 'श्रवणप्रमुख' असतो. वर्ष पुरं झालं की छोटासा समारंभ होतो आणि नवा सभासद पहिल्यांदा बोलतो.

या नियमाचा उगम फक्त पत्रलेखकांना माहीत आहे. पहिल्या वर्षी बैठकीची खोली दीड तासच मिळायची. एकदा तिघे नवे आले, वेळ अपुरा होता, तेव्हा हे सहज म्हणाले, "आज तुम्ही फक्त ऐका, पुढच्या खेपेला बोला." पुढच्या खेपेलाही वेळ पुरला नाही. बस, एवढंच.

गेल्या महिन्यात एका सभासद बाईंनी सातव्या महिन्यात मंडळ सोडलं. त्या प्रत्येक बैठकीत वहीत काहीतरी टिपत असत. जाताना त्यांनी चिठ्ठी ठेवली: "ऐकायची मला सवय आहे. पण न कळलेलं विचारूही नये?" त्यानंतर पत्रलेखकांनी कार्यकारिणीत खरी हकीकत सांगितली. तरुण कार्यवाह हसून म्हणाले, "सर, सुरुवात कशीही झाली असेल. तिच्यामागचा अर्थ आम्हाला आता कळलाय." पत्रलेखक विचारतात: सर्व सभासदांसमोर खरं सांगून हा नियम मोडून काढू का? की तो आता माझा राहिलाच नाही?

नमस्कार,

कार्यवाहांचं ते वाक्य वाचून मला आधी हसू आलं. मग वाटलं, तुम्हाला त्या क्षणी हसू आलं नसणार. आपण सहज बोललेलं वाक्य चौदा वर्षांनी आपल्याच समोर येऊन उभं राहावं आणि त्याचा अर्थ आपल्यालाच समजावून सांगावा, ही मोठी विचित्र भेट आहे.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे. ते तुम्ही कुठे उघडपणे मांडलेलं नाही, पण सगळं पत्र त्याच्यावर उभं आहे: नियम योगायोगाने सुरू झाला, म्हणून तो पोकळ आहे, आणि हे सगळ्यांना कळलं की तो आपोआप कोसळेल. मला यातलं काहीच तितकंसं खरं वाटत नाही.

आठवड्याचे दिवस घ्या. दिवस पृथ्वीच्या फिरण्याने ठरतो, महिना चंद्राशी आणि वर्ष सूर्याशी बांधलेलं आहे. सात दिवसांच्या आठवड्याला आकाशात असा कुठलाच खुंटा नाही. म्हणजे तो मोडायला सगळ्यात सोपा असायला हवा होता. फ्रेंच क्रांतिकारकांनी 1793 मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. 1806 उजाडताच नेपोलियनच्या फ्रान्सने ती दिनदर्शिका सोडून दिली. सोव्हिएत संघाने 1929 मध्ये पाच दिवसांचं चक्र आणलं, 1931 मध्ये ते सहा दिवसांचं केलं आणि 1940 मध्ये पुन्हा सात दिवसांवर आला. दोन्हीकडे राज्यसत्तेचं बळ पाठीशी होतं. तरी लोकांच्या भेटीगाठी, प्रार्थना, बाजार, सुट्ट्या ज्या विणीत विणलेल्या होत्या ती उसवली नाही. एखादी प्रथा कशी सुरू झाली यावरून ती किती घट्ट आहे हे कळत नाही. तिला आणखी काय काय बांधलेलं आहे, ते पाहावं लागतं.

तेव्हा 'सुरुवात कशीही झाली असेल' हे कार्यवाहांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येते.

आधी तुमच्या मंडळात काय घडलं ते पाहू. पीटर बर्गर आणि थॉमस लुकमन या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये ही वाट फार नेमकी मांडली. माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतो आणि ती अंगवळणी पडते. दर वेळी नव्याने विचार करायला लागत नाही, हा तिचा फायदा. मग दोघे-चौघे एकमेकांच्या सवयी ओळखू लागतात: हा असं करतो, मी तसं करतो. इथपर्यंत सगळं पातळ असतं, कारण करणाऱ्यांना ते आपणच ठरवल्याचं आठवत असतं. खरी उलथापालथ होते ती तिसरा माणूस आल्यावर, सुरुवातीला हजर नसलेला. त्याला 'आम्ही असं करतो' हे 'इथे असंच असतं' म्हणून मिळतं. तुमच्या सहा जणांसाठी तो वेळेचा तोडगा होता, सातव्यासाठी ती मंडळाची रीत होती. त्या सातव्याने 'का?' विचारलं की उत्तर द्यावं लागतं, आणि 'खोली दीड तासच मिळायची' हे उत्तर खोली बदलल्यावर चालत नाही. मग नवं कारण शोधलं जातं. ते शोधणारा लबाड नसतो. बहुतेकदा तो मंडळावर मनापासून प्रेम करणारा असतो.

'श्रवणवर्ष' हा शब्द कोणी काढला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या मते तो दिवस त्या दीड तासाच्या बैठकीपेक्षा महत्त्वाचा होता.

असं का म्हणते, ते एका प्रयोगाने सांगते. (पाच माकडं, शिडी आणि गार पाण्याचा फवारा ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी नक्की पाठवली असेल. ती बाजूला ठेवा. सांगतात तसा प्रयोग झालेला नाही. माणसांवर झालेले प्रयोग त्याहून जास्त बोलके आहेत.) पूर्ण अंधाऱ्या खोलीत एक बारीक, स्थिर दिवा पाहत राहिलं तर तो हलल्यासारखा वाटतो. मुझफ्फर शेरीफ यांनी 1935 मध्ये दाखवलं, की काही माणसं एकत्र बसून 'किती हलला' हे सांगू लागली की त्यांचे अंदाज हळूहळू एका आकड्याजवळ येतात. 1961 मध्ये जेकब्स आणि कॅम्पबेल यांनी त्यात आपली शिकवलेली माणसं बसवून आकडा मुद्दाम फुगवला. मग एकेक जुना माणूस उठवायचा, एकेक नवा बसवायचा. शिकवलेला शेवटचा माणूस निघून गेल्यावरही तो खोटा आकडा चार-पाच पिढ्या रेंगाळला. पण तिथेही तो विरत गेलाच, आणि माणसं आपल्या डोळ्यांना दिसेल ते सांगू लागली.

1977 मध्ये लिन झुकर यांनी त्यात एक छोटा बदल केला. काही जणांना त्यांनी नुसतं दुसऱ्या माणसाबरोबर बसवलं. काहींना सांगितलं, की ही एक संस्था आहे, माणसं येतात-जातात, काम चालू राहतं. आणि काहींच्या बाबतीत सगळ्यात जुन्या माणसाला एक पद दिलं: 'दिवाचालक'. अंधार तोच, दिवा तोच. पण पद असलेल्या गटात तो आकडा पुढच्या माणसांकडे जवळजवळ जसाच्या तसा गेला. नंतर कोणी तो बदलू पाहिला तर त्या गटाने सगळ्यात जास्त विरोध केला.

तुमच्याकडे नाव आहे, समारंभ आहे आणि श्रवणप्रमुख आहे. 'आज फक्त ऐका' हे वाक्य एरवी दोन-तीन वर्षांत विरून गेलं असतं. आता ते विरणार नाही. म्हणून हात घालायचाच असेल तर मी आधी पदाला घालेन, नियमाला मागाहून. पुढच्या वर्षी श्रवणप्रमुख नेमूच नका. त्याऐवजी प्रत्येक नव्या सभासदाबरोबर एक जुना सभासद सोबती म्हणून द्या. नव्याला काही कळलं नाही तर त्याने कोणाला विचारायचं, तेवढंच त्याचं काम. नियम कागदावर तसाच राहील. फक्त त्याच्यावर पहारा देणारं कोणी उरणार नाही.

आता एक नाजूक गोष्ट, आणि मला वाटतं पत्रातली खरी अडचण हीच आहे. सर्वांसमोर उभं राहून 'हा निव्वळ योगायोग होता' असं तुम्ही म्हणालात, तर ऐकणाऱ्यांतल्या तीस-पस्तीस जणांनी ते वर्ष काढलेलं आहे. गप्प बसून, जिभेच्या टोकावर आलेला प्रश्न गिळून, शेवटी समारंभात टाळ्या घेऊन. त्यांच्या कानांवर तुमचं वाक्य 'तुमचं वर्ष फुकट गेलं' असं पडेल. अॅरन्सन आणि मिल्स यांनी 1959 मध्ये एक प्रयोग केला होता. चर्चागटात प्रवेश मिळण्याआधी काही विद्यार्थिनींना बरीच लाजिरवाणी चाचणी द्यावी लागली, काहींना सौम्य, काहींना कसलीच नाही. मग सगळ्यांना तीच, मुद्दाम रटाळ केलेली चर्चा ऐकवली. जिने जास्त सोसलं तिला ती चर्चा जास्त रंजक वाटली. सोसलेलं वाया गेलं हे मान्य करण्यापेक्षा त्यात अर्थ सापडणं मनाला सोपं जातं. तुमचे कार्यवाह तरुण आहेत, म्हणजे त्यांचं श्रवणवर्षही फार जुनं नसणार. 'अर्थ आम्हाला कळलाय' म्हणताना ते खोटं बोलत नव्हते. त्या वर्षातून त्यांना खरोखर काही मिळालंही असेल. घाईने उत्तर न देणं, दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणं, ही काही लहान कमाई नव्हे.

हे उरलेलं अर्धं. अर्थ नंतर लावलेला असला तरी तो खोटा ठरत नाही. पण तो खरा असला, तरी त्याच्यासाठी बारा महिने तोंड बंद ठेवावं लागतं हे सिद्ध होत नाही. कार्यवाहांशी बोलायचं असेल तर इथे बोला. 'तुम्हाला काय मिळालं?' हे आधी विचारा, उत्तर नीट ऐकून घ्या (तुमच्या मंडळात ते अवघड जाऊ नये), आणि मग विचारा, 'हे तीन महिन्यांत मिळालं नसतं का? प्रश्न विचारायची मुभा असती तर मिळालं नसतं का?' बोलणं आणि विचारणं या दोन गोष्टी तुमच्या नियमाने एकाच पिशवीत कोंबल्या आहेत. बाईंची तक्रार फक्त दुसरीबद्दल होती.

खरी हकीकत सांगायचीच नाही, असं मी म्हणत नाही. जरूर सांगा. पण भांडाफोड करायच्या आवेशात नको, आठवण म्हणून सांगा. त्या खोलीबद्दल सांगा, त्या तिघांबद्दल, वेळ संपत आल्यावर होणाऱ्या तुमच्या धांदलीबद्दल. लिहूनही ठेवा, कारण त्या दिवसाची आठवण तुमच्याकडेच आहे. त्यातून ताबडतोब काही बदलायला हवं असा हट्ट धरू नका. लोकांना एवढं कळलं की एका माणसाने एका दिवशी हे ठरवलं, तर दुसऱ्या माणसांना दुसऱ्या दिवशी वेगळं ठरवता येईल, तर ती हकीकत कामी आली.

आता तुमचा दुसरा प्रश्न: नियम अजून तुमचा आहे का? नाही. आणि तुम्हाला खटकेल, पण ते बरंच झालं. संस्थापकाच्या शब्दाला जे वजन असतं त्याला समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर करिष्मा म्हणायचा. त्याने दाखवलं, की हे वजन फार काळ एका माणसात राहत नाही. संस्था टिकायची असेल तर ते नियमांत आणि पदांत उतरतं. तुमच्या मंडळाचं तसंच झालंय, म्हणून तर ते चौदा वर्षं चाललंय. आता 'मी सुरू केलं, मीच बंद करतो' म्हणालात तर बहुधा चालूनही जाईल. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. श्रवणवर्ष जाईल, आणि 'संस्थापकांच्या मनात आलं की नियम बदलतो' हा नवा पायंडा पडेल. तो श्रवणवर्षापेक्षा वाईट.

गप्प बसून 'चालायचंच' म्हणणं, हाही एक पर्याय आहे. मला तो पटत नाही. पंचेचाळिसातला एक जण गेला एवढ्यावरून नियम वाईट ठरत नाही, हे खरं. पण न गेलेल्यांच्या मनात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. कदाचित त्यांनाही एकमेकांबद्दल माहीत नसेल. प्रेंटिस आणि मिलर यांनी 1993 मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की इथल्या मद्यपानाच्या रिवाजाबद्दल तुम्हाला काय वाटतं, आणि इतरांना काय वाटत असेल? आपल्याला जितकं अवघडल्यासारखं होतं तितकं इतरांना होत नसणार, असं बहुतेकांना वाटत होतं. आपण एकटेच वेगळे आहोत असं समजून सगळे गप्प, आणि त्या गप्प बसण्याकडे बोट दाखवून रिवाज म्हणतो, पाहा, सगळ्यांना मान्य आहे. तुमच्या मंडळात तर गप्प बसणं हाच नियम आहे. तिथे हे होण्याची शक्यता जास्तच.

तेव्हा पुढच्या बैठकीत नावाविना चिठ्ठ्या घ्या. दोनच प्रश्न. नव्या सभासदाला पहिल्या वर्षी प्रश्न विचारू द्यावेत, असं तुम्हाला वाटतं का? आणि मंडळातल्या किती जणांना असं वाटत असेल, तुमचा अंदाज काय? मोजणी त्याच बैठकीत करा, आणि दोन्ही आकडे मोठ्याने वाचून दाखवा. चर्चा त्या दिवशी नको. आकडे महिनाभर डोक्यात घोळू द्या. दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले आणि बहुमताला जुनाच नियम हवा असला, तर तुम्ही हरलात हे मान्य करावं लागेल. निदान ते माहितीवर हरणं असेल.

आकड्यांत फरक निघाला, तर बदल कसा करायचा हा प्रश्न येतो. एकेकट्याने नियम झुगारायचा मार्ग मला नको वाटतो. त्यात पहिला झुगारणारा भरडला जातो. चीनमध्ये मुलींचे पाय बांधण्याची शतकानुशतकांची प्रथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच भागांत एका पिढीत मोडली. त्यात प्रचाराचा वाटा होता, तसा शपथ घेणाऱ्या मंडळांचाही. आईबाप एकत्र येऊन दोन वचनं द्यायचे: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेली सून करणार नाही. दुसऱ्या वचनाशिवाय पहिल्याला कोणी धजावलं नसतं. तुमचं प्रकरण त्या मानाने फारच किरकोळ आहे आणि त्या यातनेशी त्याची तुलना होऊच शकत नाही, पण युक्ती तीच: सगळ्यांनी एकदम, एका ठरलेल्या तारखेपासून. आणि प्रयोग म्हणून सहा महिने. सहा महिन्यांनी पुन्हा ठराव झाला नाही तर जुना नियम आपोआप परत येईल, असं लिहूनच ठेवा. त्याने साशंक लोकांचा विरोध बराच मवाळ होतो. (तात्पुरती गोष्ट कायमची कशी होते ते तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून तारीख हवी.) समारंभ मात्र ठेवा. टाळ्या कोणाला नको असतात?

तुमच्यासारखी पत्रं मला उलट्या बाजूनेही येतात. म्हणजे नव्या सुनेची, नव्या नोकरदाराची, नव्या सभासदाची. 'इथे असंच असतं' हे ज्यांना पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं त्यांची. त्यांना एक सांगते. 'हे का करता?' असं विचारू नका, 'हे कधीपासून सुरू झालं?' असं विचारा. 'का' ऐकलं की समोरचा बचावाला उभा राहतो आणि जागच्या जागी एक कारण घडवतो, मग त्या कारणाशी तो कायमचा बांधला जातो. 'कधीपासून' विचारलं की तो आठवू लागतो. पुष्कळदा त्याला आठवत नाही, आणि तेही त्याच्या लक्षात येतं. कधी खरंच चांगलं कारण सापडतं, जे तुम्हाला दिसलं नव्हतं. मग आनंदाने पाळा.

आणि जे आज काही सुरू करत असतील, एखादं मंडळ, एखादी छोटी कंपनी, नुसता नवा संसार, त्यांनी नियमाच्या शेजारी त्या दिवशीचं कारण लिहून ठेवावं. 'खोली दीड तासच मिळते म्हणून' एवढं एक वाक्य तुमच्या नियमावलीत असतं, तर खोली बदलली त्या दिवशी कोणीतरी ते वाचलं असतं.

शेवटी त्या बाई. पत्रात त्यांच्याबद्दल चारच ओळी आहेत, पण पत्र लिहिलंत ते त्यांच्यामुळे. ठरावाची, चिठ्ठ्यांची, कशाचीही वाट पाहू नका. त्यांना याच आठवड्यात लिहा. परत या, असं म्हणू नका, नियम बदलतोय असं आश्वासनही देऊ नका, ते अजून तुमच्या हातात नाही. ती दीड तासाची खोली त्यांना सांगा, आणि सात महिने त्या वहीत काय टिपत होत्या ते विचारा.